उपग्रहावरून पिकाची हंगामभराची वाढ कशी पाहावी

एकाच तारखेचे उपग्रहचित्र पाहून पीक बरे की वाईट हे ठरवू नका. कामाला येतो तो आलेख, म्हणजे पेरणीपासून काढणीपर्यंत त्याच शेताच्या हिरवेपणाच्या ओळीने घेतलेल्या नोंदी. तो घरबसल्या, फुकटात तयार होतो.

आधी कोपर्निकस ब्राउझर या युरोपीय उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळावर खाते उघडा, शेत शोधा आणि बांधापासून एक पिक्सेल (चित्रातला सर्वांत लहान चौकोन) आत सरकून हद्द आखा. सेंटिनेल-२ उपग्रहाचा पिक्सेल १० बाय १० मीटरचा असतो, म्हणजे एकरात जेमतेम ४०. कडेच्या पिक्सेलमध्ये थोडे पीक, थोडी बांधावरची झाडे, थोडा रस्ता असे सगळे मिसळलेले असते. ते वगळले की चौकोनी एकरातही निम्म्याहून कमी उरतात. तरी वगळाच. चिंचोळ्या पट्टीच्या शेताला मात्र ही पद्धत नाही.

डेटा 'एल२ए' निवडा. त्यात हवेचा परिणाम काढलेला असतो. दोन उपग्रह मिळून साधारण दर ५ दिवसांनी चित्र मिळते. फाइली उतरवून स्वतः गणित करणार असाल तर एक खोच आहे: २०२२ पासूनच्या नव्या प्रक्रियेत, किती प्रकाश परतला हे सांगणाऱ्या आकड्यांत १००० जास्तीचे मिळवलेले असतात. ते वजा करून मग १०००० ने भागा, नाहीतर पीक उत्तम असूनही आलेख खाली बसेल.

आता एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा काढा. निरोगी पान लाल प्रकाश शोषते आणि अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश परतवते. परतलेला अवरक्त ०.४५ आणि लाल ०.०५ असेल, तर फरक ०.४० भागिले बेरीज ०.५०, म्हणजे ०.८: दाट पीक. उघड्या जमिनीचा आकडा बहुधा ०.१ ते ०.२ च्या आसपास राहतो.

खरी डोकेदुखी ढगांची. ढगाळ तारखा गाळल्या तरी विरळ ढग आणि त्यांची सावली निसटतेच. आकडा एकाएकी घसरला आणि पुढच्याच खेपेला पूर्ववत झाला, तर बहुतेक तो ढगच. पीक ५ दिवसांत एवढे सावरत नाही. आभाळ आठवडेच्या आठवडे भरलेले असेल तर सेंटिनेल-१ या दुसऱ्या उपग्रहाचे रडार ढगांपलीकडचे पाहते, पण त्याचे आकडे एनडीव्हीआयच्या रेषेत घुसडू नका.

आलेख वाचताना पेरणीनंतर किती दिवस झाले ते धरा आणि गेल्या हंगामाच्या त्याच टप्प्याशी ताडून पाहा. पीक पक्व होताना रेषा उतरणारच, तो रोग नव्हे. पीक फार दाटले की ०.८ च्या पुढे एनडीव्हीआयला फरक कळेनासा होतो. तेव्हा लाल आणि अवरक्त यांच्या मधल्या 'रेड एज' पट्ट्यावरचा तसाच आकडा, एनडीआरई घ्या, मात्र त्याचा पिक्सेल २० मीटरचा. आणि तणही हिरवेच दिसते, हे माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणारे.

म्हणून मागे पडलेल्या भागाचे अक्षांश-रेखांश मोबाइलमध्ये घेऊन तिथे जा. तिथले एक रोप आणि शेजारच्या चांगल्या भागातले एक रोप उपटून मुळे, खालची पाने आणि मातीची ओल शेजारीशेजारी तपासा.