कॅम्पिंग ट्रेलरचं वजन आणि हुकावरचा भार: भुईकाट्यापासून आंब्याच्या काट्यापर्यंत

बैलगाडीत मागच्या बाजूला माल जास्त झाला की गाडी उलाळ होते. जू बैलांच्या मानेवरून वर उठतं आणि गाडी धड ओढली जात नाही. कॅम्पिंग ट्रेलरचंही तसंच आहे, फक्त बैलांच्या जागी जीप असते आणि वेग ताशी ६० किलोमीटरचा. हुकावर पुरेसा भार नसेल तर ट्रेलरचं शेपूट डावीउजवीकडे झोके घेऊ लागतं. आंबोली किंवा कुंभार्ली घाटाच्या उतारावर हा झोका सुरू झाला तर जीपचा ब्रेक दाबून तो थांबत नाही, उलट वाढतो. भार फार झाला तर जीपचं मागचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि नेमकं वळणावर स्टिअरिंग हलकं लागायला लागतं.

म्हणून दोन आकडे हवेतच: भरलेल्या ट्रेलरचं एकूण वजन आणि त्यातलं हुकावर पडणारं वजन. "दोघांनी मिळून पुढची दांडी उचलून बघा, उचलली म्हणजे ठीक" हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो धोक्याचा आहे. ८० किलो आणि १३० किलो यांतला फरक नुसत्या हातानं खात्रीनं ओळखता येत नाही. रस्त्यावर मात्र तोच फरक झोके घेणाऱ्या आणि सरळ चालणाऱ्या ट्रेलरमधला असतो.

पुढचे सगळे आकडे एका एक्सलच्या ट्रेलरचे आहेत: भरून ११२० किलो, एक्सलपासून कपलरपर्यंत (दांडीचं हुकावर बसणारं टोक) ३.५ मीटर. तुमचं अंतर टेपनं मोजून कागदावर लिहून ठेवा, ते पुन्हा पुन्हा लागणार आहे.

आधी एकूण वजन

ट्रेलर सहलीला निघताना भरता तसाच भरा, पाण्याची टाकी आणि सिलिंडरसकट. टायरमध्ये हवा नेमकी ठेवा. मग भुईकाटा, म्हणजे ट्रक तोलायचा काटा, गाठा. लोटे-परशुराम, मिरजोळे, कुडाळ अशा एमआयडीसींच्या आसपास आणि चिऱ्याच्या ट्रकांची ये-जा असते तिथे काटा सापडतोच. काट्याचा प्लॅटफॉर्म किती लांब आहे ते आधी विचारा. 

काट्यावर चढण्याआधी डिस्प्लेवर शून्य आहे ना ते स्वतः बघा. पावसाळ्यात हे विशेष महत्त्वाचं. खड्ड्यातल्या काट्याखाली पाणी आणि लाल चिखल साचतो, प्लॅटफॉर्म कडेला अडकतो आणि आकडा खोटा येतो. शक्यतो सकाळी जा. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की ट्रेलरच्या उंच भिंती वारा पकडतात आणि आकडा स्थिर होत नाही.

दोन वजनं करा. पहिलं, ट्रेलर जोडलेलाच ठेवून फक्त त्याची चाकं काट्यावर आणि जीप पूर्ण बाहेर. हा एक्सलवरचा भार, समजा १००० किलो. दुसरं, ट्रेलर सोडवून पुढच्या जॉकी व्हीलसकट (दांडीखालचं वरखाली करता येणारं छोटं चाक) एकटाच काट्यावर. हे एकूण वजन, ११२०.

आता बरेच जण ११२० मधून १००० वजा करतात, १२० हा हुकावरचा भार समजतात आणि घरी जातात. इथेच चूक होते. ट्रकांसाठीचा काटा बहुतेक ५, १० किंवा २० किलोच्या टप्प्यानं वाचतो. १० किलोचा टप्पा असेल तर प्रत्येक आकडा पाच किलो इकडेतिकडे असू शकतो, आणि दोन आकड्यांची वजाबाकी केली की दहा. म्हणजे खरा भार ११० ते १३० मध्ये कुठेही. २० किलोच्या टप्प्यावर तो १०० ते १४० मध्ये जातो. त्यात पहिल्या वजनाच्या वेळी जीप काट्याच्या उतारावर उभी असेल तर ट्रेलर तिरका होतो आणि भार आणखी सरकतो. नुसतं जॉकी व्हील भुईकाट्यावर ठेवून वजन घेण्याचा सल्लाही सोडून द्या. अशा काट्याचं किमान वजन टप्प्याच्या वीसपट असतं, म्हणजे १० किलोच्या टप्प्याला २०० किलो. त्याच्या खाली त्याच्यावर विसंबू नये.

भुईकाटा एकूण वजनासाठी आणि एक्सलसाठी उत्तम. एक्सलवर १००० म्हणजे प्रत्येक टायरवर ५००. टायरवरचा लोड इंडेक्स (टायरच्या बाजूला छापलेला भारक्षमतेचा अंक) ८४ असेल तर त्याची मर्यादा बरोबर ५०० किलो, शिल्लक काहीच नाही. ८८ असेल तर ५६० किलो.

हुकावरचा भार: इथे वेळ घालवा

यासाठी बाजारात खास उपकरणं मिळतात. कोकणात मात्र त्याहून चांगली सोय आधीच आहे. आंब्याचं पॅकिंग जिथे होतं, काजू बी जिथे खरेदी होते, मासळीचा लिलाव जिथे होतो, तिथे इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटा असतोच. क्षमता २०० किलो किंवा जास्त हवी. १०० किलोवाल्या काट्याला हात लावू नका, त्याचा लोडसेल, म्हणजे भार मोजणारा भाग, बिघडू शकतो आणि नुकसान दुसऱ्याचं होईल.

पहिली गोष्ट उंचीची, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. जीपमध्ये प्रवासातली माणसं बसवा, सामान भरा, सपाट जागेवर ट्रेलर जोडा आणि जमिनीपासून कपलरच्या खालच्या कडेपर्यंत उंची मोजा. समजा ती ४५ सेंटिमीटर आली. काट्यावर भार घेताना कपलर याच उंचीवर हवा. कारण सोपं आहे: ट्रेलरचा गुरुत्वमध्य एक्सलच्या वर असतो. नाक, म्हणजे दांडीची बाजू, वर गेलं की तो मागे सरकतो आणि हुकावरचा भार कमी दिसतो. गुरुत्वमध्य एक्सलपासून ६० सेंटिमीटर वर धरला तर नाक १५ सेंटिमीटर वर गेल्यावर आपल्या ट्रेलरला सात-आठ किलोंचा फरक पडतो. दोन एक्सलचा ट्रेलर असेल तर फरक कितीतरी मोठा, कारण नाक उचललं की पुढच्या एक्सलचा भारही बदलतो.

दुसरी गोष्ट जागेची. सिमेंटची सपाट लादी शोधा. वाळूत, ओल्या लाल मातीत किंवा चिऱ्याच्या खडबडीत अंगणात नको. तशीच वेळ आली तर काट्याखाली १८ मिलिमीटरचं प्लायवूड टाका आणि चारही पाय टेकले आहेत ना ते हलवून बघा.

तिसरी गोष्ट चाकांची. एका चाकाला पुढून-मागून दगड लावा, पण बोटभर फट ठेवून, आणि हँडब्रेक सोडा. हँडब्रेक ओढलेला ठेवायचा सल्ला मिळतो, तो इथे चुकीचा आहे. नाक खाली येताना ट्रेलरला किंचित पुढेमागे सरकावं लागतं. चाकं जखडली तर तो जोर कपलरखालच्या ठोकळ्यावर आडवा येतो आणि ठोकळा कलंडतो.

आता काटा कपलरखाली आणा. त्यावर १० बाय १० सेंटिमीटरचा, दोन्ही टोकं काटकोनात कापलेला सागाचा ठोकळा उभा करा. काटा आणि ठोकळा मिळून ४५ सेंटिमीटर भरले पाहिजेत. ठोकळा काट्यावर असतानाच टेअरचं बटण दाबून शून्य करा. मग जॉकी व्हील एकसारखं फिरवून नाक खाली आणा. कपलर ठोकळ्यावर टेकला की जॉकी व्हील आणखी दोन सेंटिमीटर वर घ्या, त्याहून जास्त नको. ठोकळा घसरलाच तर नाक दोन सेंटिमीटरच खाली येईल. पाय आणि हात तिथून लांब.

आकडा लिहा, नाक उचला, पुन्हा ठेवा, पुन्हा लिहा. तीन वेळा. तिन्ही आकडे दोन किलोंच्या आत आले पाहिजेत. नाही आले तर ठोकळा तिरका आहे किंवा चाक दगडाला अडतंय.

जॉकी व्हीलच काट्यावर ठेवून आकडा घेऊ नका. ते कपलरच्या मागे असतं, म्हणून त्याच्यावर भार जास्त पडतो. ते कपलरपासून ४० सेंटिमीटर मागे असेल तर हुकावरच्या खऱ्या १२० किलोंचे तिथे १३५ दिसतील. अगदी नाइलाजच असेल तर आलेल्या आकड्याला ३.१ नं गुणा आणि ३.५ नं भागा.

मोठा काटा मिळालाच नाही तर

घरातला वजनकाटा आणि एक वासा पुरतो. काटा जुना, तबकडीवर सुई फिरणारा हवा. डिजिटल काटा माणूस एकदम चढेल या हिशोबानं बनलेला असतो. भार हळू आला की तो मधलाच आकडा धरून बसतो किंवा बंद पडतो.

दोन सारख्या उंचीचे चिरे ९० सेंटिमीटर अंतरावर मांडा. एकावर प्लायवूड आणि काटा, दुसऱ्यावर काट्याइतक्याच जाडीची फळी. दोन्हींवर अर्ध्या इंची जीआय पाइपचा एकेक तुकडा आडवा आणि त्यांवर ४ बाय २ इंची सागाचा वासा आडवा. पाइप ते पाइप अंतर नेमकं ९० सेंटिमीटर. कपलरखालचा ठोकळा काट्याविरुद्धच्या पाइपापासून ३० सेंटिमीटरवर. आता काट्यावर एक तृतीयांश भार येतो. वासा आणि ठोकळ्याचा आकडा आधी वाचून तो वजा करा, उरलेल्याला तीननं गुणा. काटा ४० वाढला तर हुकावर १२०.

ते ३० सेंटिमीटर टेपनं मोजा, अंदाजानं नाही. एक सेंटिमीटर चुकलं की उत्तर तीन टक्क्यांनी, म्हणजे चार किलोंनी चुकतं.

आकडा आला, आता ठरवा

११२० किलोंच्या ट्रेलरला हुकावर १० ते १२ टक्के, म्हणजे ११२ ते १३४ किलो ठेवा. युरोपात याहून कमी भारावर ट्रेलर चालवतात, पण तिथे झोका रोखणारे घर्षणपट्ट्यांचे कपलर सर्रास असतात. साध्या कपलरवर घाट उतरायचा असेल तर १० टक्क्यांच्या खाली जाऊ नका.

वरची मर्यादा तीन ठिकाणी बघा: जीपचं मॅन्युअल, हुकाची प्लेट आणि कपलरवर कोरलेला 'एस' अक्षरापुढचा आकडा. तिघांतला सगळ्यात लहान आकडा तुमचा. तो ७५ किलो असेल आणि ट्रेलर ११२० चा, तर सामान मागे सरकवून आकडा बसवू नका. मर्यादा पाळली जाईल, पण ट्रेलर उलाळ होईल. त्या जीपला हलका ट्रेलर हवा.

जीपच्या बाजूचा हिशोबही करा. चाकांमधलं अंतर २.७ मीटर आणि हूक मागच्या एक्सलपासून १.१ मीटर मागे असेल तर हुकावरचे १२० किलो पुढच्या चाकांवरचे ४९ किलो काढून घेतात आणि मागच्या चाकांवर १६९ टाकतात. डिकीत सामान भरताना हे लक्षात ठेवा. बूड बसलेली जीप दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीवर चढताना हूक रॅम्पला घासते. जॉकी व्हील तिथे पूर्ण वर घेतलेलंच हवं.

भार बदलायचा असेल तर वस्तूचं वजन गुणिले एक्सलपासूनचं अंतर, भागिले ३.५. घरगुती सिलिंडर भरलेला जवळपास ३० किलो. तो एक्सलपासून तीन मीटर पुढे, दांडीवर असेल तर हुकावर सुमारे २६ किलो टाकतो. ६० लिटरची भरलेली टाकी एक्सलच्या १.२ मीटर मागे असेल तर हुकावरून २० किलो काढते, म्हणून अशी टाकी एकतर पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी करा.

जाताना सगळं नीट असतं, बिघडतं ते परतताना. पाच डझन आंब्यांची लाकडी पेटी साधारण १५ ते २० किलोंची. अशा सहा पेट्या मागच्या पलंगावर, एक्सलच्या १.४ मीटर मागे ठेवल्या की शंभरेक किलो वाढले आणि हुकावरून ४० गेले. ट्रेलर १२२० चा, हुकावर ८०, म्हणजे साडेसहा टक्के. त्याच पेट्या जमिनीवर, एक्सलच्या किंचित पुढे ठेवल्या तर हुकावरचा भार १२० च्या आसपास राहतो. एक्सलवर मात्र ११०० होतात, म्हणजे प्रत्येक टायरवर ५५०. टायर ८४ इंडेक्सचे असतील तर पेट्या ट्रेलरमध्ये नकोत, जीपच्या मागच्या सीटवर ठेवा.