उशिरा जागी झालेली पॅटरडेल

उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रियातल्या शेतावर आमची पॅटरडेल टेरियर (छोट्या शिकारी जातीची कुत्री) वर्षाची झाली तरी उंदरांकडे ढुंकूनही बघेना. शेजारी म्हणाले, मोठ्या उंदरासमोर सोडा, आपोआप शिकेल. मी ठाम नकार दिला. कोवळ्या वयात नाकाला कडकडून चावा बसला तर कुत्रं कायमचं बिचकू शकतं. उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची लस आधीच झाली होती (उंदरांच्या कामाला ती हवीच), म्हणून पट्टा धरून तिला जाणत्या कुत्रीचं काम नुसतं बघू दिलं. ओरडणं नाही, चिथावणी नाही. बिळांचा वास मात्र हवा तितका घेऊ दिला. दीड वर्षाची असताना धान्याच्या पिंपामागे ती अचानक थबकली; शेपटी ताठ, अंग थरथरतंय. पट्टा सोडला. उंदराची मान धरून एकच झटका! भरपूर कौतुक केलं आणि त्या दिवशी तेवढ्यावरच थांबवलं.