बंदुकीसाठी वंगण कसे निवडावे

बंदुकीला कोणते तेल लावावे असे विचारले की बहुतेक जण लगेच एका बाटलीचे नाव सांगून मोकळे होतात. बरीच वर्षे रायफली, पिस्तुले आणि एअर रायफली उघडून साफ करत आल्यामुळे हा सल्ला ऐकला की माझा संयम सुटतो. एकाच बंदुकीत चापाच्या यंत्रणेला कोरडेपणा हवा असतो, बोल्टच्या (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या दांड्याच्या) लॉकिंग लगना, म्हणजे त्याला जागी अडकवणाऱ्या दात्यांना, ग्रीस लागते, हलक्या सरकत्या भागांना तेल पुरते आणि नळीला फक्त साठवणीपुरता थर हवा असतो. आधी भाग पाहा, मग बाटलीकडे हात न्या.

१. बंदूक रिकामी करा

मॅगझिन काढा, चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. झिरपणारे तेल प्रायमरपर्यंत, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी असलेल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीपर्यंत, पोचले तर काडतूस निकामी होऊ शकते, म्हणून तेलकट हातांनी त्यांना शिवूही नका.

२. जुने वंगण पूर्ण काढा

जुन्या चिकट्यावर नवे तेल ओतणे म्हणजे मळावर अत्तर. एक अपवाद नीट लक्षात ठेवा. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे आणि ते जळल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराईड हा क्षार उरतो. तो हवेतला ओलावा ओढून घेतो आणि तेलात विरघळत नाही. अशी काडतुसे वापरली असतील तर नळी आधी गरम पाण्याने धुवा, पूर्ण कोरडी करा आणि मगच तेल लावा. तेल कितीही महाग असले तरी पाण्याचे काम ते करणार नाही.

३. बाटलीतले द्रव्य कोणत्या कामाचे, ते ओळखा

सफाई, वंगण आणि गंजापासून संरक्षण ही तीन वेगळी कामे आहेत. हॉपेज नंबर ९ हे १९०३ पासूनचे प्रसिद्ध द्रव्य नळी साफ करण्यासाठी आहे. ते वंगण म्हणून लावून ठेवू नका. डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये तयार झाले ते पाणी हटवण्यासाठी, नावातला ‘डब्ल्यूडी’ (वॉटर डिस्प्लेसमेंट) तेच सांगतो. पावसात भिजलेल्या बंदुकीवर ते जरूर वापरा, पण त्याचा मोठा भाग उडून जातो आणि मागे अगदी पातळ थर राहतो. म्हणून ते पुसून वर खरे तेल लावा. सीएलपी (क्लीन, लुब्रिकेट, प्रोटेक्ट) प्रकारची तेले तिन्ही कामे बऱ्यापैकी करतात. ज्याच्याकडे एकच बंदूक आहे आणि जो नियमित सराव करतो, त्याला सीएलपीची एक बाटली आणि ग्रीसची एक ट्यूब पुरते.

४. तेल टिकते का, ते स्वतः तपासा

मी सर्वात जास्त ठेचा इथे खाल्ल्या आहेत. काही महिने कपाटात राहिलेली माझी बोल्ट-ॲक्शन रायफल मी सरावाला नेली. चाप दाबला, ‘टक्’ असा आवाज झाला आणि गोळी सुटली नाही. अशा वेळी नळीचे तोंड लक्ष्याकडेच धरून किमान ३० सेकंद थांबायचे असते, कारण काडतूस उशिराने पेटू शकते. मी थांबलो, काडतूस काढले. प्रायमरवर आदळणाऱ्या फायरिंग पिनची खूण अगदी उथळ होती. मी आधी काडतुसांना दोष दिला, मग स्प्रिंग बदलली. तरीही तेच. शेवटी बोल्ट पूर्ण उघडला तेव्हा फायरिंग पिनभोवती मधासारखा तपकिरी, चिकट थर दिसला. दर वेळी मीच प्रेमाने आत ओतलेले तेल होते ते.

ते तेल वनस्पतिजन्य होते. त्याचे काय होते हे कळायला जवसाचे तेल आठवा. लाकडी दस्त्यावर ते चोळले की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची क्रिया होते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि कडक थर तयार होतो. लाकडावर हा गुण आहे. इतर वनस्पती तेलेही कमीअधिक वेगाने त्याच वाटेने जातात आणि पोलादी यंत्रणेत तीच गोष्ट घात करते. खनिज तेलात ही क्रिया बरीच मंद असते, चांगल्या कृत्रिम तेलात आणखी मंद. खनिज तेलाचीही एक अडचण आहे: हलके घटक उडून जातात आणि मागे दाट गाळ राहतो. त्यात थंडीची भर पडते. १९४१-४२ च्या हिवाळ्यात पूर्व आघाडीवर जर्मन सैन्याची शस्त्रे वंगण घट्ट झाल्यामुळे अडकत होती, आणि ती काही निष्काळजी लोकांच्या हातातली शस्त्रे नव्हती.

गोळी न सुटणे हा यातला सौम्य प्रकार. चापाच्या यंत्रणेत तेल चिकट झाले तर सिअर (चाप दाबेपर्यंत पिनला रोखून धरणारी खीळ) आपल्या जागी पुरता परतत नाही, आणि बोल्ट बंद करताच बंदूक आपोआप सुटू शकते. म्हणून चापाच्या यंत्रणेत कोणी फवारा मारताना दिसला की मी त्याचा हात धरतो. निर्मात्याच्या पुस्तिकेत अमुक ठिकाणी एक थेंब असे लिहिले असेल तर तेवढाच एक थेंब, नाहीतर कोरडे. फायरिंग पिनच्या पोकळीलाही हाच नियम. पिनवर तेल लावून ते पुसून टाका. पुसल्यावर जे उरते तेवढेच पुरेसे आहे.

आता मी कोणतेही नवे तेल पट्टीवर पारखल्याशिवाय वापरत नाही. साध्या, स्टेनलेस नसलेल्या पोलादाची घासलेली पट्टी घ्या, ॲसिटोनने पुसा. वरच्या कडेला प्रत्येक तेलाचा एकेक थेंब सोडा, वर मार्करने नाव लिहा आणि पट्टी तिरकी करून धूळ बसणार नाही अशा जागी महिनाभर ठेवा. मग पाहा. कोणता थेंब खाली वाहून गेला? कोणत्याचा ओघळ बोटाला चिकटतो? कोणत्या ओघळाखाली गंज धरला आणि कोणत्याखाली पोलाद स्वच्छ राहिले? दुसरी तशीच पट्टी पिशवीत बंद करून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि काढल्याबरोबर उभी धरा. थेंब हलला नाही तर ते तेल थंड हवेत वापरू नका. शिवणयंत्राचे तेल या परीक्षेत चिकटत नाही, हे खरे आहे. पण ते इतके पातळ असते की जागेवर थांबत नाही. सरावाच्या दिवसापुरते ठीक, साठवणीला नाही.

५. भागानुसार लावा

जिथे मोठा दाब सोसत पोलाद पोलादावर घासते तिथे ग्रीस, बाकी हलक्या हालचालीला तेल. बोल्टच्या लॉकिंग लगच्या मागे, बोल्ट उचलताना पिन मागे खेचणाऱ्या उतारावर, दुनळी बंदुकीच्या बिजागरीच्या खिळीवर तांदळाच्या दाण्याएवढे ग्रीस पुरते. एम१ गॅरँड ही दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी रायफल तर ग्रीसवरच चालते, कारण पावसात तेल धुऊन जाते. स्टेनलेस पोलाद स्टेनलेसवर सरकत असेल तर ग्रीस टाळू नका. हे दोन पृष्ठभाग एकमेकांना ओरबाडून जाम होतात. मोटारीचे नेहमीचे ग्रीस एनएलजीआय (ग्रीसच्या घट्टपणाचे माप) श्रेणी २ चे असते. सेमी-ऑटो पिस्तुलाच्या स्लाइडला (वरच्या सरकत्या भागाला), विशेषतः थंडीत, ते जड पडते. तिथे ० किंवा १ श्रेणीचे मऊ ग्रीस घ्या.

ग्रॅफाइटची पूड ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर वापरू नका. ओलाव्यात ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियम यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजते.

६. नळी आणि चेंबर

गोळी झाडण्यापूर्वी दोन्ही कोरडे पुसा. चेंबरमध्ये तेल असेल तर काडतुसाचे पितळी कवच भिंतीला पकड घेत नाही आणि बोल्टवर जास्त जोर येतो. नळीत तेल साचले असेल तर धोकादायक दाब तयार होऊ शकतो.

एअर रायफल असेल तर

वरचे नियम तिला जसेच्या तसे लावू नका. स्प्रिंग-पिस्टन रायफलीच्या दाबकक्षात खनिज तेल गेले की दाबलेल्या गरम हवेने ते पेटते, मोठा आवाज होतो आणि सील खराब होते. तिथे सिलिकॉन तेल, तेही क्वचित. पण स्प्रिंगला सिलिकॉन लावू नका, पोलादावर पोलाद घासताना ते तग धरत नाही. आधीच हवा भरून ठेवण्याच्या रायफलीत, म्हणजे पीसीपीमध्ये, हवेच्या मार्गावर खनिज तेल किंवा ग्रीस अजिबात नको. उच्च दाबाखाली त्याचा स्फोट होऊ शकतो. ओ-रिंगना (हवा रोखणाऱ्या रबरी कड्यांना) फक्त सिलिकॉन ग्रीस.

७. साठवण

बाहेरून पातळ थर द्या, शेवटचा हात फडक्याचा असू द्या. बोटांच्या घामातला क्षार निळसर पोलादावर ठशांच्या आकाराचा गंज उमटवतो. चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत बंदूक ठेवू नका, ते ओलावा धरून ठेवतात. लाकडी दस्ता असेल तर पहिले काही दिवस बंदूक नळी खाली करून उभी ठेवा आणि तोंडाखाली फडका घाला. नळी वर ठेवली तर तेल खाली उतरून दस्त्याच्या मानेत मुरते, लाकूड मऊ पडते आणि तिथेच तडा जातो. असे मुरलेले तेल लाकडातून पूर्ण काढणे मला आजवर जमलेले नाही.