शुक्र आणि पृथ्वीच्या फिरण्यातून पाच पाकळ्यांचं फूल कागदावर कसं काढायचं

पृथ्वी आणि शुक्र दोघंही सूर्याभोवती फिरतात, आणि ठरावीक दिवसांनी दोघांना सरळ रेषेने जोडत गेलं की आठ वर्षांत पाच पाकळ्यांचं फूल तयार होतं. कॉम्प्युटरवर हे दोन सेकंदात बघता येतं, पण मी म्हणेन एकदा तरी हाताने काढाच, कारण निम्म्या रेषा होईपर्यंत नुसता गुंता वाटतो आणि मग त्यातूनच हळूहळू फूल वर यायला लागतं, ती मजा स्क्रीनवर येत नाही.

आधी हे का होतं ते बघू. शुक्राची एक फेरी २२४.७ दिवसांची, त्यामुळे त्याच्या १३ फेऱ्या म्हणजे साधारण २९२१ दिवस, आणि आपली ८ वर्षं म्हणजे २९२२ दिवस. जेमतेम एका दिवसाचा फरक! तेवढ्या वेळात शुक्र आपल्यापेक्षा १३ वजा ८ म्हणजे ५ फेऱ्या जास्त मारतो, म्हणजे पाच वेळा मागून येऊन आपल्याला गाठतो आणि पुढे जातो. पाच पाकळ्या इथूनच येतात.

सामान काही विशेष नाही. मोठा ड्रॉइंग पेपर (ए-फोर घेतला तर वर्तुळ कसंबसं मावतं पण आकडे लिहायला जागा उरत नाही), वर्तुळ काढायचा कंपास, कोनमापक, पट्टी आणि टोक केलेली पेन्सिल.

मध्यभागी सूर्याचा ठिपका द्या आणि त्याच ठिपक्यावरून दोन वर्तुळं काढा, १० सेंटिमीटर त्रिज्येचं पृथ्वीचं आणि ७.२ सेंटिमीटरचं शुक्राचं. हे माप मनाने घेतलेलं नाही, शुक्राचं सूर्यापासूनचं अंतर आपल्या अंतराच्या ०.७२३ पट आहे. खऱ्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे बरोबर, पण शुक्राची कक्षा सगळ्या ग्रहांमध्ये सगळ्यात जास्त गोल आहे आणि आपलीही जवळपास गोलच, म्हणून इथे साधं वर्तुळ चालतं. बुधासाठी नाही चालणार.

आता खुणा. बाहेरच्या वर्तुळावर दर २४ अंशांवर एक अशा १५ खुणा करा, त्यांना ० ते १४ नंबर द्या. आतल्या वर्तुळावर दर ३ अंशांवर, म्हणजे १२० खुणा, नंबर ० ते ११९. दोन्हीकडचा ० एकाच दिशेला हवा आणि नंबर घड्याळाच्या उलट्या दिशेने. हे काम कंटाळवाणं आहे पण इथे घाई केली तर पुढे सगळं वाकडं होतं.

मग रेषा सुरू करा. नियम एकच, पृथ्वी १ खूण पुढे, शुक्र १३ खुणा पुढे, आणि दोघांना जोडायचं. म्हणजे ०–०, १–१३, २–२६, ३–३९ असं करत ९–११७, त्यानंतर १३० येतं म्हणून त्यातून १२० वजा करून १०–१०, पुढे ११–२३. एक पाऊल म्हणजे साधारण २४.३५ दिवस. बाराव्या रेषेला थांबून तपासा, ती पृथ्वीच्या १२ वरून शुक्राच्या ३६ वर जाते आणि बरोबर सूर्यातून गेली पाहिजे, कारण तेव्हा शुक्र सूर्याच्या पलीकडे असतो (बहिर्युती). ३६, ६०, ८४ आणि १०८ व्या रेषाही तशाच सूर्यातून जातात. एखादी चुकली तर कुठेतरी मोजताना गडबड झालीय, मागे जाऊन बघा. १२० रेषा झाल्या की परत ०–० वर येता.

आता रंगीत पेन्सिल घ्या. दर २४ पावलांनी, म्हणजे साधारण ५८४ दिवसांनी, शुक्र बरोबर आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येतो (अंतर्युती). पृथ्वीच्या वर्तुळावर त्या खुणा ०, ९, ३, १२, ६ अशा येतात, त्याच क्रमाने जोडून परत ० वर या, पाच टोकांची चांदणी मिळते.

५, ८, १३ हे फिबोनाचीचे आकडे (१, १, २, ३, ५, ८, १३ अशी माळ, जिथे प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज असतो) आहेत हे लक्षात आलं असेलच. सूर्यफुलातही असेच आकडे सापडतात, पण तिथे त्यामागे कारण आहे, नवं बी जिथे मोकळी जागा जास्त तिथे येतं आणि दोन बियांमध्ये साधारण १३७.५ अंशांचा कोन पडतो. शुक्राच्या बाबतीत तसं काही नाही, ८ आणि १३ चा मेळही अगदी अचूक नाही, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच माळेत ओवू नका असं मला मनापासून वाटतं.

शेवटी चांदणीच्या टोकांवर तारखा लिहा. ० वर जून २०२०, ९ वर जानेवारी २०२२, ३ वर ऑगस्ट २०२३, १२ वर मार्च २०२५, ६ वर ऑक्टोबर २०२६, आणि जून २०२८ ला परत ०. त्याच ० वर ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ पण लिहा, त्या दिवशी शुक्राचं अधिक्रमण होतं, काळा ठिपका सूर्याच्या तबकडीवरून सरकताना जगभर लोकांनी पाहिला. ८ चा ६ झाला, २०२० मध्ये ३ जून झाला, म्हणजे दर आठ वर्षांनी हे टोक साधारण अडीच दिवस मागे सरकतं.