बिल्डिंग एनर्जीच्या डेटात काम करायचंय? आधी एक ओळ म्हणजे नक्की काय ते बघा

दर उन्हाळ्यात ज्युनियर्सचे मेसेज येतात, ताई मास्टर्स संपतंय, शहरांच्या बेंचमार्किंगमध्ये (बिल्डिंगांचा ऊर्जेचा वापर दरवर्षी नोंदवून तुलना करणं) जॉब दिसतोय, पायथॉन करू की पॉवर बीआय? दोन्ही करा, पण त्याने मी वाचले नसते.

दोन शब्द आधी सांगते. ईयूआय म्हणजे बिल्डिंगची वर्षाची ऊर्जा भागिले तिचं क्षेत्रफळ, आणि पोर्टफोलिओ मॅनेजर म्हणजे मालक वीज-गॅसचे आकडे भरतात ते अमेरिकी सरकारचं ऑनलाइन टूल. आपल्याकडून आलेल्यांना एकच सांगते, बीईईच्या (भारताच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) सवयीने किलोवॉट-अवर प्रति चौरस मीटर डोक्यात असतं, अमेरिकेत केबीटीयू (हजार बीटीयू, ऊर्जेचं तिथलं एकक) प्रति चौरस फूट. आपले 100 म्हणजे तिथले साधारण 32.

मी पुण्यात सिव्हिल करून अमेरिकेत आले. पहिली नोकरी एका कन्सल्टन्सीत, ती एका मध्यम शहराचं बेंचमार्किंग सांभाळायची आणि डेटा सीडमध्ये होता. सीड म्हणजे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने राष्ट्रीय प्रयोगशाळांकडून बनवून घेतलेला ओपन सोर्स प्लॅटफॉर्म. एका बाजूने पालिकेची कराची यादी येते, दुसऱ्या बाजूने मालकांनी पोर्टफोलिओ मॅनेजरमधून शेअर केलेले वीज-गॅसचे आकडे, आणि सीड पत्ता, पार्सल नंबर (जमिनीच्या तुकड्याचा नंबर), आयडी वगैरे बघून दोन्ही जुळवतं. फसले मी तिथेच.

कराच्या यादीतली ओळ म्हणजे बिल्डिंग नाही, ती जमिनीचा तुकडा. सातबारा आठवा, एका सातबाऱ्यावर चार घरं असतात आणि कधी एक सोसायटी दोन सर्व्हे नंबरांवर उभी असते, तस्संच. म्हणून सीडमध्ये प्रॉपर्टी (बिल्डिंग) आणि टॅक्स लॉट (जमिनीचा तुकडा) अशा दोन वेगळ्या याद्या आहेत, मी मात्र घाईत सगळं प्रॉपर्टीत ओतलं. एका कॉलेजच्या सहा बिल्डिंग होत्या, पत्ता एक, पार्सल एक, आयडीचा कॉलम रिकामा. सहाही ओळी एकमेकींत मर्ज झाल्या आणि शेवटच्या छोट्या हॉलचं 30,000 चौरस फूट तेवढं उरलं. एनर्जी मात्र अख्ख्या कॅम्पसची आली, 3 कोटी केबीटीयू. खरं क्षेत्रफळ 4 लाख, म्हणजे ईयूआय 75 यायला हवा होता, माझ्याकडे आला 1000.

हॉस्पिटलच्या ईयूआयचा अमेरिकेतला मध्यक (मीडियन) 234 च्या आसपास आहे, ऑफिसचा 53. मग 1000 बघून मी थांबायला नको होतं का? मी ती ओळ आउटलायर (बाकीच्यांपेक्षा फारच वेगळा आकडा) म्हणून फिल्टर केली, आणि त्यामुळे कॉलेज रिपोर्ट न केलेल्यांच्या यादीत गेलं, वेळेत रिपोर्ट करूनही त्यांना नोटीस गेली. त्यांच्या फॅसिलिटीजच्या माणसाने हेल्पडेस्कला फोन केला तेव्हा कळलं. त्या रात्री मी झोपले नाही. अजूनही नोटिसांची यादी पाठवताना पोटात गोळा येतो.

म्हणून कळकळीने सांगते, आउटलायर आधी उघडून बघा, मगच काढा. इम्पोर्टच्या आधी आणि नंतर ओळी मोजा, कमी झाल्या तर का झाल्या ते शोधा. आणि पार्सल नंबर टेक्स्ट म्हणूनच उघडा, बॉस्टनचे नंबर शून्याने सुरू होऊ शकतात, एक्सेल ते शून्य खातं आणि मग काहीच जुळत नाही.

यात आता पैसा आहे म्हणून हे गंभीर आहे. न्यूयॉर्कमध्ये 2009 च्या लोकल लॉ 84 ने फक्त आकडे द्यायला लावले होते, 2019 च्या लोकल लॉ 97 ने 2024 पासून मर्यादेच्या वर जाणाऱ्या कार्बन उत्सर्जनाच्या प्रत्येक टनाला 268 डॉलरपर्यंत दंड ठेवला. चुकलेलं क्षेत्रफळ म्हणजे कुणाच्या तरी खिशातले पैसे.

घाबरू मात्र नका. माझी नोकरी गेली नाही, मर्ज सोडवायला दोन दिवस लागले आणि कॉलेजला माफीचं पत्र गेलं. सगळ्यांच्या हातून असं काहीतरी होतं. लिंक्डइनवरच्या मोठ्या मेंटॉरच्या मागे धावू नका, मला सगळ्यात जास्त हेल्पडेस्कवरच्या बाईंनी शिकवलं, त्यांना कुठला मालक कुठे अडतो ते पाठ होतं. आणि वीकेंडमध्ये डॅशबोर्ड शिकवणारे कोर्स माझ्या मते पैसे वाया, चुकीच्या ओळींचा चार्टही सुंदरच दिसतो.

सराव करायचा असेल तर न्यूयॉर्कचा लोकल लॉ 84 चा डेटा फुकट डाउनलोड होतो. बीबीएलच्या (बरो, ब्लॉक, लॉट, म्हणजे न्यूयॉर्कचा पार्सल नंबर) कॉलममध्ये सेमीकोलन टाकून दोन-तीन नंबर लिहिलेल्या ओळी आधी वेगळ्या काढा, त्यातल्या पाच घ्या, मॅपवर तो ब्लॉक उघडा आणि तिथे खरंच किती बिल्डिंग आहेत ते एकेक करून मोजा.