काळ्या मातीच्या अंगणात कृत्रिम हिरवळ अंथरताना पाण्याचा निचरा कसा साधावा

सोलापूर, परभणी किंवा अकोल्याकडे काळ्या मातीवर बांधलेल्या घरांच्या अंगणात श्रावण सरेपर्यंत चिखल हटत नाही, आणि त्याला कंटाळून अनेकजण कृत्रिम हिरवळीचा विचार करतात. ती अंथरल्याने चिखल दिसेनासा होतो हे खरे; परंतु पाण्याचा निचरा हिरवळ करीत नाही, तिच्याखालचा थर करतो. तो थर चुकला, तर पहिल्याच पावसाळ्यात हिरवळ फुगते, तिच्यावरून चालताना पचपच आवाज येतो आणि कुबट वास सुटतो.

काळी माती बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनली असून तिच्यात माँटमोरिलोनाइट या खनिजाचे प्रमाण मोठे असते. हे खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते, म्हणूनच उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच भेगा मिटून पाणी वरच तुंबते. अशा मातीत खड्डा खणून त्यात खडी भरली, तर आपण नकळत एक हौद बांधलेला असतो. म्हणून मातीने पाणी शोषून घ्यावे अशी अपेक्षा सोडावी आणि पाण्याला बाहेर जाण्याची वाट करून द्यावी.

प्रथम पाणी येते कोठून ते पाहावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 50 मिलिमीटर पावसात 40 चौरस मीटरच्या अंगणावर 2,000 लिटर पाणी पडते. मात्र 100 चौरस मीटर गच्चीचे पन्हळ त्याच अंगणात सुटत असेल, तर त्यात आणखी सुमारे 5,000 लिटरची भर पडते. अनेक घरांत खरी अडचण एवढीच असते. गच्चीचे पाणी पाइपने थेट बाहेर किंवा साठवण टाकीत नेल्याशिवाय पुढच्या कामाला हात घालू नये.

कामाची वेळही महत्त्वाची आहे. मे महिन्यात मजूर मिळतात, परंतु तेव्हा माती पूर्ण आकसलेली व भेगाळलेली असते. तिच्यावर केलेली पातळी मृगाच्या पावसानंतर माती फुगली की बिघडते. दिवाळीनंतर जमिनीला वाफसा आला, म्हणजे ती ओलसर असूनही पायाला चिकटत नाही, अशा वेळी खोदाई करणे उत्तम.

खोदाई 15 ते 20 सेंटिमीटर खोल करावी आणि खोदलेल्या तळालाच घरापासून दूर जाणारा ढाळ द्यावा. दर मीटरला दीड सेंटिमीटर पुरतो. सहा मीटर लांबीच्या अंगणात दोन टोकांतला फरक नऊ सेंटिमीटर येईल. तो नजरेने ठरवू नये, दोरी बांधून पाणसळीने तपासावा. वरचा थर ढाळात आणि तळ मात्र सपाट, अशी चूक वारंवार होते, आणि ती झाकली गेल्यावर कोणाच्या लक्षातही येत नाही.

ढाळाच्या सर्वांत खालच्या कडेला, घराच्या पायापासून शक्य तितक्या दूर, 30 सेंटिमीटर रुंद व 45 सेंटिमीटर खोल चर खणावा. चराला जिओटेक्स्टाइल कापडाचे (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे कापड) अस्तर लावून त्यात थोडी खडी पसरावी, तिच्यावर 110 मिलिमीटर व्यासाचा सच्छिद्र पीव्हीसी पाइप भोके खाली राहतील असा ठेवावा, दर मीटरला एक सेंटिमीटर उतार द्यावा आणि वरून पुन्हा खडी भरावी. पाइपचे तोंड पावसाळी गटारात सोडावे. सांडपाण्याच्या वाहिनीला ते जोडू नये, कारण मुसळधार पावसात ती तुंबली की मैला उलटा अंगणात येतो. जवळ पावसाळी गटार नसेल, तर शोषखड्डा हा पर्याय आहे. मात्र तो काळ्या मातीचा थर ओलांडून खालच्या मुरमापर्यंत पोहोचला तरच उपयोगी पडतो.

आता तळावर जिओटेक्स्टाइल अंथरावे, म्हणजे चिकणमाती खडीत वर चढत नाही. त्यावर 20 मिलिमीटरची धुतलेली खडी 10 सेंटिमीटर जाडीची आणि तिच्यावर दगडाची बारीक कच तीन सेंटिमीटर पसरून प्रत्येक थर धुमसून घ्यावा. येथे गवंडी बहुधा मुरूम टाकण्याचा आग्रह धरतील, कारण तो स्वस्त असतो व छान बसतो. छान बसतो, हाच त्याचा दोष आहे: पाणी मारून दाबलेला मुरूम घट्ट होतो आणि पाणी सहज खाली जाऊ देत नाही. भुकटी मिसळलेली कचही याच कारणासाठी नाकारावी. थर तयार झाल्यावर 200 लिटरचे पिंप वरच्या टोकाला ओतून पाइपच्या तोंडाशी पाणी येते का, ते पाहावे. न आल्यास दुरुस्ती याच टप्प्यावर सोपी असते.

हिरवळ निवडताना तिच्या पाठीला पाणी जाण्यासाठी भोके आहेत याची खात्री करावी. गुंडाळी तासभर उन्हात पसरून ठेवावी, सर्व पट्ट्यांच्या पात्यांचा कल एकाच दिशेला ठेवावा आणि सांधे खालून पट्टी व गोंद लावून जोडावेत. फुगणाऱ्या मातीत नुसते खिळे सैल होतात, त्यामुळे कडेला विटांची किंवा दगडाची किनार बांधून तिला हिरवळ पक्की करणे श्रेयस्कर. झाडांभोवतीचे आळे मोकळे सोडावे. मराठवाड्या-विदर्भाच्या उन्हात ही हिरवळ अनवाणी पायांना चटका बसेल इतकी तापते, तेव्हा मुलांच्या खेळण्याच्या भागावर सावलीची सोय करावी.

पानगळीत पाने साचू न देणे आणि मृगापूर्वी पाइपच्या तोंडाशी जमलेला गाळ काढणे, एवढी देखभाल दरवर्षी करावी लागते.