एनएफएल ड्राफ्टसाठी महाविद्यालयीन खेळाडूची पारख कशी करावी

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिचे संघ महाविद्यालयीन खेळाडूंतून पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो ड्राफ्ट दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस तीन दिवस चालतो. पहिली फेरी तिकडे गुरुवारी रात्री आठला सुरू होते, तेव्हा बेळगावात शुक्रवारची पहाट साडेपाचची असते. टिळकवाडीत, कॅम्पात, किंवा खानापूर-निपाणीकडच्या घरी त्या वेळी उठून निवडी पाहणाऱ्या आणि त्याआधी मित्रांच्या गटात आपापला सराव-ड्राफ्ट मांडणाऱ्या वाचकांसाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. क्रिकेटमुळे धावा आणि बळी पाहून खेळाडू जोखण्याची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे, आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये तीच सवय सर्वांत आधी अडचणीत आणते. तिथे मैदानावर बावीस जण असतात, चेंडू त्यांतल्या दोघातिघांच्याच हाताला लागतो, आणि उरलेल्यांचे काम धावफलकावर कुठेच उमटत नाही. म्हणून पारखीचा क्रम आधी खेळ पाहणे, मग मोजमाप, मग माणसाची चौकशी आणि शेवटी किंमत असा ठेवावा, आणि कितीही मोह झाला तरी तो उलटा करू नये.

नियम थोडक्यात सांगतो. 32 संघ सात फेऱ्यांमध्ये निवड करतात. आदल्या हंगामात सर्वांत वाईट कामगिरी केलेल्या संघाची पाळी आधी येते आणि सुपर बोल हा अंतिम सामना जिंकणाऱ्याची शेवटी; पाळ्यांची अदलाबदल मात्र संघ आपसांत करू शकतात. शालेय शिक्षण संपून तीन वर्षे झाल्याखेरीज खेळाडू पात्र ठरत नाही. ही पद्धत 1936 पासून चालत आली आहे. पहिल्याच वर्षी पहिला निवडला गेलेला जे बरवांगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही, यावरून निवड आणि खेळाडू यांच्यात किती अंतर राहू शकते ते लक्षात येते.

खेळाडू पाहायला बसण्यापूर्वी ज्या संघासाठी निवड करायची, त्या संघाचे काम कागदावर मांडावे. ‘चांगला कॉर्नरबॅक हवा’ एवढे लिहून भागत नाही. कॉर्नरबॅक म्हणजे फेकलेला चेंडू झेलायला धावणाऱ्या रिसीव्हरला अडवणारा बचावपटू. तो संघ आपल्या कॉर्नरबॅकला समोरच्या रिसीव्हरच्या अंगाला चिकटून पळायला लावतो की मैदानाचा एक भाग वाटून देऊन चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या डोळ्यांकडे पाहायला सांगतो, हे आधी ठरले पाहिजे, कारण पहिल्या कामात अव्वल असलेला मुलगा दुसऱ्या कामात अगदी सामान्य ठरू शकतो. प्रशिक्षक बदलला की कामही बदलते. त्यामुळे मागच्या वर्षीचा कागद जसाच्या तसा वापरू नये.

आता मुख्य काम, म्हणजे खेळ पाहणे. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो, त्यामुळे रिसीव्हर, कॉर्नरबॅक आणि सर्वांत मागे उभे राहणारे बचावपटू, म्हणजे सेफ्टी, हे खेळ सुरू होताच चौकटीबाहेर जातात. संघांचे स्काउट, म्हणजे खेळाडू पारखणारे लोक, जे चित्रण पाहतात त्यात बावीसही खेळाडू उंचावरून दिसतात. ते आपल्याला सहसा मिळत नाही. यावर एक साधा उपाय आहे. घरून पाहणाऱ्याने सुरुवात चेंडूपाशी समोरासमोर उभ्या राहणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लाइनवरील खेळाडूंपासून करावी, कारण ते पहिल्या क्षणापासून चौकटीत असतात आणि त्यांच्याबाबत आपले मत एखाद्या जाणकाराच्या मताजवळ पोहोचू शकते. रिसीव्हर आणि कॉर्नरबॅकसाठी वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा दाखवलेली दृश्येच वापरावीत, आणि जे दिसले नाही त्यावर मत देऊ नये.

एका खेळाडूचे किमान तीन-चार सामने पाहावेत. त्यांत एक तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा, एक परक्या मैदानावरचा आणि एक असा असावा की ज्यात तो हमखास वाईट खेळला. निवडक क्षणचित्रांच्या फिती पाहून खेळाडू जोखू नये. त्या कुणीतरी त्याच्या बाजूने कापलेल्या असतात. प्रत्येक स्नॅप, म्हणजे चेंडू मागे देऊन सुरू होणारी प्रत्येक चाल, दोनदा पाहावा. पहिल्यांदा चेंडूकडे अजिबात न पाहता फक्त आपल्या खेळाडूची पहिली दोन पावले आणि हात पाहावेत, आणि दुसऱ्यांदा परिणाम. वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: त्याला काम काय होते, ते झाले का, आणि झाले असेल तर ताकदीने झाले की पदलालित्याने.

लाइनच्या डाव्या टोकाला खेळणाऱ्या लेफ्ट टॅकलचे उदाहरण घेऊ. क्वार्टरबॅकच्या पाठीकडची बाजू राखणे हे त्याचे काम आहे. स्नॅप होताच तो मागे सरकतो तेव्हा त्याची कंबर खाली राहते का ते पाहावे. चाल करून येणारा खेळाडू आधी बाहेरून येत असल्याचे भासवून एकदम आत वळतो, तेव्हा टॅकलचे वजन बाहेरच्या पायावर अडकलेले असेल तर तो तिथेच हरला, मग पुढच्या क्षणी त्याने खेचून-ओढून कसेबसे भागवले तरी. हात प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर आतल्या बाजूने पडतात की खांद्यांवर बाहेरून, हेही पाहावे. बाहेरून पडणाऱ्या हातांना पुढे दंड बसतो. आणि चौथ्या सत्रात, दम लागल्यावर, तीच कंबर पहिल्या सत्राइतकी खाली आहे का, हे तर जरूर पाहावे. मोठ्या देहाच्या मुलांबाबत मला ही एक गोष्ट इतर कशाहीपेक्षा जास्त सांगून जाते.

महाविद्यालयीन खेळ आणि व्यावसायिक खेळ यांच्या नियमांतला फरक लक्षात ठेवून पाहिले नाही तर डोळा फसतो. महाविद्यालयात रिसीव्हरचा एक पाय मैदानात टेकला तरी झेल धरला जातो. एनएफएलमध्ये दोन्ही पाय टेकावे लागतात. म्हणून सीमारेषेजवळचा झेल पाहताना टाळ्या थांबल्यावर चित्र मागे घ्यावे आणि दुसऱ्या पायाकडे पाहावे: त्याने तो ओढत का होईना आत ठेवला आहे, की हवेतच सोडून दिला आहे? नियमाने मागितलेले नसतानाही दुसरा पाय आत ठेवणारा मुलगा पुढच्या पातळीची तयारी करूनच खेळत असतो. दुसरा फरक हॅश मार्कचा आहे, म्हणजे प्रत्येक चालीपूर्वी चेंडू ज्यांच्या दरम्यान ठेवतात त्या मैदानातल्या खुणांच्या दोन ओळींचा. मैदानाची रुंदी दोन्हीकडे 160 फूटच असते, पण महाविद्यालयात या खुणांमध्ये 40 फुटांचे अंतर असते आणि एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांचे. त्यामुळे महाविद्यालयात चेंडू एका खुणेवर ठेवला की एका बाजूला शंभर फुटांचे मोकळे रान मिळते, आणि पुष्कळ प्रशिक्षक आपला सगळा खेळ त्या रानावर बेततात. क्वार्टरबॅकच्या यशस्वी फेकींपैकी किती अशा मोकळ्या जागेत, पहिल्याच ठरलेल्या रिसीव्हरकडे गेल्या आणि किती वेळा त्याने पहिला पर्याय बंद दिसल्यावर नजर दुसरीकडे वळवून फेक केली, याची नोंद ठेवावी. टक्केवारी दोन्ही प्रकारच्या क्वार्टरबॅकची सारखीच दिसते.

आकडे टाकून द्यावेत असे माझे म्हणणे नाही. ते कुणाविरुद्ध आणि किती काळात जमले हे विचारावे. 2017 च्या ड्राफ्टमध्ये क्वार्टरबॅक मिचेल ट्रुबिस्की दुसरा निवडला गेला, तेव्हा त्याने महाविद्यालयात सुरुवातीपासून खेळलेले सामने फक्त 13 होते; त्याच वर्षी, पुढे त्याच्याहून कितीतरी सरस ठरलेला पॅट्रिक महोम्स दहाव्या क्रमांकावर मिळाला. उलट आयोवा स्टेटकडून चार हंगाम खेळलेला ब्रॉक पर्डी 2022 मध्ये सर्वांत शेवटचा, 262 वा निवडला गेला आणि पुढे त्याने आपला संघ सुपर बोलपर्यंत नेला. वयही पाहावे. करोनामुळे 2020 च्या हंगामातील खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळाले तेव्हापासून चोवीस वर्षांचे खेळाडू ड्राफ्टमध्ये सर्रास दिसू लागले, आणि चोवीस वर्षांच्या मुलाने एकोणीस वर्षांच्या पोरांना लोळवले तर त्याचे कौतुक थोडे आवरूनच करावे.

यानंतर मोजमापाची पाळी. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इंडियानापोलिसला कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टच्या उमेदवारांच्या चाचण्यांचा मेळावा, भरते. तिथे 40 यार्ड, म्हणजे सुमारे 36.6 मीटरची धाव, 225 पौंडांचा, म्हणजे 102 किलोंचा बार छातीवरून जमेल तितक्या वेळा उचलणे, उभी आणि लांब उडी, आणि वळण घेत धावण्याच्या चाचण्या होतात. बेळगावात लष्करभरतीच्या मेळाव्याला जो उभा राहिला आहे त्याला हे सांगावे लागणार नाही की 1600 मीटरची धाव आणि छातीची फूग यांतून आत कोण येणार ते ठरते. पुढे कोण कसा सैनिक होईल ते ठरत नाही. कम्बाइनचे स्थान तेवढेच आहे. 2017 मध्ये रिसीव्हर जॉन रॉसने 40 यार्डांच्या धावेत 4.22 सेकंदांचा तेव्हाचा विक्रम केला आणि तो नववा निवडला गेला, पण एकाही हंगामात त्याला झेलांतून हजार यार्ड गाठता आले नाहीत. व्हर्नन गोल्स्टनने 2008 मध्ये तो बार 37 वेळा उचलला, जेट्स संघाने त्याला सहावा घेतला, आणि तीन हंगामांत त्याच्या नावावर एकही सॅक, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे, लागला नाही. टॉम ब्रेडी तीच धाव 5.28 सेकंदांत धावला होता आणि 2000 साली 199 वा निवडला गेला. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले.

तरीही मोजमापाचा नीट उपयोग होतो, आणि तो असा: खेळ पाहताना जो प्रश्न मनात उभा राहिला असेल, त्याचेच उत्तर घड्याळाकडे मागावे. बचावाच्या लाइनच्या मधोमध खेळणारा आरन डोनाल्ड 2014 मध्ये तेराव्या क्रमांकापर्यंत उरला, त्यामागे त्याच्या बेताच्या उंचीबद्दलची शंका होती. त्याच्या जागी खेळणारे बहुतेक जण त्याच्याहून धिप्पाड असतात. पण पिट्सबर्ग विद्यापीठाकडून खेळताना त्याच्या पहिल्या पावलाचा झपाटा दिसत होता, आणि सुमारे 129 किलो वजनाच्या माणसाने 4.68 सेकंदांची धाव घेतल्यावर त्या झपाट्याला दुजोरा मिळाला. पुढे तो तीनदा वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरला. लाइनवरील खेळाडूंच्या बाबतीत पूर्ण 40 यार्डांपेक्षा पहिल्या दहा यार्डांची वेळ पाहावी. सामन्यात त्यांना त्याहून लांब पळण्याची वेळ क्वचितच येते. खेळ आणि घड्याळ यांचे जुळत नसेल तर पुन्हा खेळाकडे जावे आणि आपण काही नजरेआड केले का ते तपासावे.

दुखापतींबाबत बाहेरच्या माणसाने हात आखडता घ्यावा. कम्बाइनमधली वैद्यकीय तपासणी संघांच्या डॉक्टरांपुरती असते, आणि ड्राफ्टच्या रात्री एखादे मोठे नाव अचानक घसरते तेव्हा कारण पुष्कळदा त्या कागदांत असते. आपण फक्त चुकलेले सामने मोजू शकतो. स्वभावाबद्दलही एप्रिलमध्ये उठणाऱ्या वावड्यांवर विसंबू नये. त्या पसरवणाऱ्या संघालाच तो खेळाडू आपल्या पाळीपर्यंत उरलेला हवा असू शकतो. त्यापेक्षा चेंडू दुसऱ्या बाजूला गेल्यावर हा मुलगा चालतो की पळतो, किक अडवण्याच्या किंवा परतवण्याच्या तुकडीत त्याने काम केले आहे का, प्रशिक्षक बदलल्यावर त्याचा खेळ टिकला का, हे पाहावे. त्यासाठी कुणाच्या ओळखीची गरज लागत नाही.

शेवटी किंमत. संघ आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील 2011 च्या करारानंतर नव्या खेळाडूचे वेतन त्याच्या निवडीच्या क्रमांकाने ठरते आणि करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतील खेळाडूसाठी पाचव्या वर्षाचा पर्याय संघाकडे राहतो. म्हणून क्वार्टरबॅक, टॅकल, एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर चालून जाणारा), कॉर्नरबॅक अशा बाजारात महागड्या जागांचे खेळाडू वर घ्यावेत, आणि चेंडू घेऊन पळणारा उत्तम रनिंग बॅक दिसला तरी एक-दोन फेऱ्या दम धरावा. अर्थशास्त्रज्ञ केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी जुन्या ड्राफ्टचा अभ्यास करून दाखवले आहे की एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेच्या पुढच्या निवडीपेक्षा सरस ठरण्याची शक्यता निम्म्याहून थोडीच जास्त असते. यामुळे मी एक, दोन, तीन अशी यादी करत नाही. जवळपास सारख्या खेळाडूंचे गट करतो आणि गटांमध्ये रेघ मारतो. एका गटात पाच नावे उरली असतील आणि आपल्याला त्यांतला कुणीही चालणार असेल, तर तीन-चार पायऱ्या खाली उतरून बदल्यात आणखी एक निवड घ्यावी. गटातले शेवटचे नाव उरले असेल तरच वर चढण्यासाठी काही मोजावे.

सातवी फेरी संपली म्हणून वही मिटू नये. त्याच क्षणापासून न निवडलेल्या खेळाडूंना संघांचे फोन जाऊ लागतात, आणि तेव्हा संघ निवडण्याचा अधिकार खेळाडूकडे येतो. सुपर बोल जिंकणारा कर्ट वॉर्नर ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नव्हता. आपल्या यादीत उरलेली नावे वेगळी काढावीत, कोण कुठल्या संघात गेला ते त्यांच्यापुढे लिहावे, आणि ऑगस्टच्या सराव सामन्यांत दुसऱ्या सत्रानंतर, बडे खेळाडू बाकावर गेल्यावर, त्यांचे खेळ पाहावेत.